बिनपंचांचा खेळ

दिवस कलला, शाळा सुटली, गुरे गोठ्यात आली, की गावातली पोरे कुठेतरी जमतात. शाळेमागचे पटांगण, देवळापुढची मोकळी जागा, मळणी उरकलेले खळे, नाही तर नदीकाठचा वाळूचा पट्टा. त्यांना कोणी बोलावणे धाडीत नाही. एखाद्याच्या हातात बॅट असते, दुसऱ्याच्या हातात विटीदांडू, तिसरा नुसत्या काठीने जमिनीवर हुतूतूची रेघ ओढतो, आणि पाच मिनिटांत खेळ रंगात येतो. या खेळाला पंच नसतो, शिट्टी नसते, घड्याळ नसते. आज किती गडी येणार हेसुद्धा कोणाला ठाऊक नसते. अशा या बिनपंचांच्या खेळाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

स्पर्धेच्या सामन्याची गोष्ट निराळी. तेथे नियम छापलेले असतात, गडी मोजलेले असतात, वाद झालाच तर पंच निकाल देतो. हरलेला संघ बिस्तरा बांधून घरी गेला तरी स्पर्धा पुढे चालू राहते. संध्याकाळच्या खेळाचे तसे नाही. हरलेली चार पोरे रुसून घरी गेली, की जिंकणाऱ्यांचाही खेळ तेथेच आटोपला! विटी मारली तरी समोर झेलायला कोणी हवे ना? म्हणून या खेळात आजचा डाव कोणी जिंकला यापेक्षा उद्या तेच सगळे गडी पुन्हा येतात की नाही, हा खरा हिशेब. शेतकरी दाणा खातो, पण बियाणे राखून ठेवतो. जो गडी आजच सगळा डाव एकटा खाऊन टाकतो, त्याने उद्याचे बियाणे खाल्ले असे समजावे.

आणि खेळ वाकडा चालला म्हणजे बाहेर कोण पडते, तेही पाहा. आरडाओरडा करणारा, दांडगा, बॅटचा मालक हे कधी बाहेर पडत नाहीत. बाहेर पडतो तो धाकटा, अंगाने किरकोळ, हळू धावणारा. बाहेर पडतात मुली. बाहेर पडतो वस्तीवरचा नवा पोरगा. ही मुले भांडत नाहीत, तक्रार करीत नाहीत. एके दिवशी ती येईनाशी होतात, इतकेच. आणि आपण मोठी माणसे म्हणतो, "त्याला मुळी खेळाची आवडच नाही." आवड होती हो. त्याच्या वाट्याला डावच आला नाही.

आता यावर उपाय काय? मोठी गंमत अशी, की बरेचसे उपाय आपल्या जुन्या खेळांतच आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळच्या पोरांनी, कोणतेही पुस्तक न वाचता, ते शोधून ठेवले आहेत. ते एकेक नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट गडी वाटून घेण्याची. हल्ली बहुतेक ठिकाणी दोन म्होरके उभे राहतात आणि एकेक गडी नाव घेऊन उचलतात. यात दोन दोष आहेत. एक म्हणजे जो शेवटी उरतो, त्याला सगळ्यांच्या देखत रोज कळते की आपण कोणालाच नको आहोत. दुसरा दोष हिशेबाचा आहे. समजा, आठ गडी आहेत. सर्वांत तरबेज गड्याला आठ गुण द्या, त्याच्या खालच्याला सात, असे उतरत शेवटच्याला एक. पहिल्या म्होरक्याने एक उचलायचा, मग दुसऱ्याने एक, असे चालले तर पहिल्याकडे आठ, सहा, चार, दोन म्हणजे २० गुण जमतात. दुसऱ्याकडे सात, पाच, तीन, एक म्हणजे १६. खेळ सुरू होण्याआधीच एक बाजू जड झाली!

शिक्षकबंधूंनी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा, आणि मग पद्धत थोडीशी बदलून पाहावी. पहिल्याने एकच गडी घ्यावा. मग दुसऱ्याने दोन घ्यावेत, मग पहिल्याने दोन, पुन्हा दुसऱ्याने दोन, आणि उरलेला एक पहिल्याकडे. आता पहिल्याकडे आठ, पाच, चार, एक म्हणजे १८. दुसऱ्याकडे सात, सहा, तीन, दोन म्हणजे तेही १८. काटा बरोबर मध्यावर आला. प्रत्यक्षात गड्यांच्या कसबाला असे नेमके गुण लावता येत नाहीत हे खरे, पण पहिल्यांदा उचलण्याचा फायदा या रीतीने बराच कमी होतो.

याहूनही चांगली रीत म्हणजे आपली जुनी जोड्या पाडण्याची. साधारण सारख्या जोराचे दोन गडी जोडी करतात, गळ्यात गळा घालून जरा लांब जातात आणि गुपचूप दोन नावे ठरवतात. एक होतो आंबा, दुसरा चिंच. मग म्होरक्यांपुढे येऊन विचारतात, "आंबा हवा की चिंच?" म्होरक्याला आत कोण दडला आहे हे ठाऊक नसते. तो "आंबा" म्हणाला की आंबा त्याचा, चिंच दुसऱ्याची. पुढच्या जोडीला दुसऱ्या म्होरक्याने मागायचे. बघा हं, यात केवढी अक्कल आहे! आपल्या तोडीचा कोण हे मुले स्वतःच ठरवतात, आणि ते त्यांना मोठ्या माणसांपेक्षा चांगले कळते. जोडी सारखी, म्हणून बाजू सारख्या. शिवाय कोणीही शेवटी उरत नाही, कारण दोघे दुबळेसुद्धा जोडीनेच येतात, आणि त्यांनाही कोणीतरी नावाने मागून घेते. गडी विषम झाले तर उरलेल्या एकाने दोन्ही बाजूंकडून खेळावे, किंवा हरत आलेल्या बाजूला जाऊन मिळावे.

इतके करूनही दोन डावांत सामना अगदीच एकतर्फी होऊ लागला, तर हट्ट धरू नये. दोन गडी इकडचे तिकडे करावेत. वीस धावांत सगळे गारद, पुन्हा वीस धावांत सगळे गारद, असल्या खेळात जिंकणाऱ्यालाही गोडी राहत नाही.

दुसरी गोष्ट, राज्य कोणावर यायचे आणि पहिला डाव कोणाचा. येथे दांडगाई शिरायला फार वाव असतो. "मी मोठा, मी आधी" असे कोणीतरी म्हणतोच. म्हणून जुन्या पोरांनी हा निकाल दैवावर सोपवला. खापरीच्या एका अंगाला थुंकी लावायची, ती वर उडवायची आणि विचारायचे, "ओले की सुके?" राज्य ठरवायचे झाले तर चकायचे. तिघांनी एकदम हात पुढे करायचे, कोणाचा तळवा उताणा, कोणाचा पालथा. ज्याचा हात इतर दोघांहून वेगळा तो सुटला. खापरीला पाटलाचा मुलगा कोण आणि गुराख्याचा कोण हे कळत नाही. म्हणूनच तिचा निकाल सगळे मुकाट्याने मानतात.

तिसरी गोष्ट लहानग्यांची. थोरल्या बहिणीच्या कडेवरून नुकतेच उतरलेले पोर खेळायचा हट्ट धरते. त्याला हाकलले तर ते रडते, आणि खेळात घेऊन पहिल्याच फटक्याला बाद केले तरी रडते. त्यासाठी आपल्याकडे लिंबूटिंबूची सोय आहे. लिंबूटिंबू सगळ्यांबरोबर धावतो, ओरडतो, दमतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही. ही नुसती दया नाही. याच काळात ते पोर रेघ कुठे, घर कुठे, केव्हा पळायचे, केव्हा थांबायचे हे सगळे पाहून-पाहून शिकते. मात्र एक पथ्य पाळावे. ते पोर स्वतःहून "आता माझ्यावरही राज्य येऊ द्या" म्हणू लागले, की त्याला पुरता गडी करावा. जन्मभर लिंबूटिंबू राहणे कोणालाच आवडत नाही.

हाच विचार पाय अधू असलेल्या किंवा धावायला अडचण असलेल्या मुलालाही लावावा. फटका त्याने मारायचा, धाव दुसऱ्याने काढायची. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून पर्यायी धावकाची सोय २०११ साली काढून टाकण्यात आली. तिकडची कारणे तिकडे. आपल्या पटांगणावर ती काढायचे काही कारण नाही. त्याला काय जमते ते त्यालाच विचारावे आणि तेवढाच नियम त्याच्यापुरता सैल करावा.

चौथी गोष्ट बाद झालेल्या गड्याची, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी. आपला हुतूतू किंवा कबड्डी घ्या. तिचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लिहिले जाऊ लागले. त्याआधी आणि नंतरही पुष्कळ वर्षे ठिकठिकाणी ती निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली जाई. त्यांतल्या तीन तऱ्हा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. गामिनी कबड्डीत गडी एकदा बाद झाला की त्याची सगळी बाजू बाद होईपर्यंत तो बाहेर बसतो. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होऊन आत येतो. अमर कबड्डीत गडी बाहेर जातच नाही. समोरच्यांना गुण मिळतो आणि तो खेळतच राहतो.

आता विचार करा. गामिनीत सर्वांत आधी बाद कोण होतो? कच्चा गडी. सर्वांत जास्त वेळ बाहेर कोण बसतो? तोच कच्चा गडी. म्हणजे ज्याला खेळून शिकण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी खेळायला मिळते. आणि जो आधीच तरबेज, तो आणखी तरबेज होतो. आजच्या स्पर्धांतली कबड्डी संजीवनीच्या तत्त्वावर चालते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले, तीही याच वळणाची. गावच्या पटांगणावर संजीवनी खेळावी, आणि मुले अगदी लहान असतील तर खुशाल अमर खेळावी.

क्रिकेटमध्ये तर हा अन्याय रोज पाहावयास मिळतो. एक गडी तासभर फलंदाजी करतो, दुसरा पहिल्याच चेंडूवर बाद होऊन तासभर काटेरी कुंपणातून चेंडू शोधून आणतो. त्यासाठी एक सोपी तोड आहे. समजा, आठ मुले आहेत. प्रत्येकाला दोन षटके, म्हणजे बारा चेंडू खेळायला द्यावेत. बाद झाला तर त्याच्या पाच धावा वजा कराव्यात, पण बारा चेंडू पुरे होईपर्यंत त्याला खेळू द्यावे. सोळा षटकांत आठही जणांची फलंदाजी होते. गोलंदाजीही प्रत्येकाला दोन-दोन षटके वाटून द्यावी. बाद होण्याची धास्ती राहते, कारण पाच धावा जातात. पण खेळ कोणाचाच जात नाही.

खो-खोत दिसायला सगळेच खेळत असतात. पण नीट पाहा. नेहमीच्या खो-खोत पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ गडी चौकांत बसतात, आणि चपळ गडी आपसांतच एकमेकांना खो देत राहतात. चौथ्या चौकातली एखादी मुलगी सबंध डावभर उकिडवी बसून असते, तिला एकही खो मिळत नाही. म्हणून सरावाच्या खेळात अट घालावी, की डाव संपायच्या आत प्रत्येकाला निदान एक खो मिळालाच पाहिजे.

पाचवी गोष्ट भांडणाची. पंच नाही म्हटल्यावर भांडण व्हायचेच. ते पूर्णपणे टळणार नाही. पण आवरता येते. निम्मी भांडणे सीमेवरून होतात. म्हणून खेळ मांडतानाच सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलून घ्यावे : चिंचेपलीकडे चेंडू गेला की चौकार, कौलांवर गेला की फलंदाज बाद, विहिरीकडे गेला तर चेंडू मेला आणि त्यामागे कोणीही धावायचे नाही. डाव चालू असताना नवा नियम काढायचा नाही. तो पुढच्या डावापासून.

मग उरते ती शिवाशिवीची आणि झेलाची भांडणे. ज्याच्या अंगाला हात लागला त्याला तो लागलेला कळतोच. त्याने आपण होऊन बाहेर जावे, ही आपल्या खेळांची जुनी अब्रू आहे. जो असा स्वतःहून बाहेर जातो, त्याला दोन्ही बाजूंनी मोठ्याने शाबासकी द्यावी. तेवढ्याने पुष्कळ काम होते. झेल खरा की टप्पा पडून आलेला, हे झेलणाऱ्याला आणि जवळच्या गड्याला विचारावे. दोघांचे जमले नाही, तर मिनिटभराच्या वर वाद घालू नये. तो चेंडू पुन्हा टाकावा. "पुन्हा टाका" या दोन शब्दांनी जेवढे खेळ वाचतात, तेवढे मोठ्यांच्या दटावणीनेही वाचत नाहीत. हरू लागले की खेळ मोडणाऱ्याला आपण रडीचा डाव खेळला म्हणतो. तसे त्या डावाला म्हणावे. पण एखाद्या पोराचे नावच "रड्या" पाडू नये. नाव चिकटले की पोर त्या नावाला जागू लागते.

सहावी गोष्ट बॅटच्या मालकाची. ज्याची बॅट तो दोनदा खेळतो, बाद झाला तरी हलत नाही, आणि कोणी बोललेच तर बॅट काखोटीला मारून घरचा रस्ता धरतो. त्याला तरी सगळा दोष कसा द्यावा? बॅट फुटली तर मार त्यालाच बसणार असतो. यावर तोड म्हणजे साहित्य सगळ्यांचे असावे. शाळेने एक पेटी ठेवावी, नाही तर मुलांनी वर्गणी काढावी. तेही नसेल तर लगोरी खेळावी. सात चपट्या ठिकऱ्या आणि चिंध्यांचा चेंडू एवढ्यावर वीस मुले खेळतात. आट्यापाट्यांना तर नुसत्या रेघा पुरतात. ज्या खेळाला साहित्य लागत नाही, त्याला मालकही नसतो!

सातवी गोष्ट मुलींची. मातांनो आणि भगिनींनो, ही तुमच्याशी बोलायची आहे. पटांगण मोकळे होते त्याच वेळी घरात दिवाबत्ती, पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे निघते, आणि ते बहुधा मुलीच्याच अंगावर येते. मुलगा खेळून आला की म्हणतो, "मुलींना कुठे खेळता येते!" येईल कसे? आधी वेळ तर मिळायला हवा. घरी कामाची वाटणी करावी आणि पटांगणाची वाटणी शाळेत करावी. आठवड्यातले निदान दोन दिवस पटांगणावर पहिला हक्क मुलींचा, असे ठरवून लिहून टाकावे. आशियाई खेळांत महिलांची कबड्डी २०१० साली ग्वांगझू येथे पहिल्यांदा खेळली गेली, आणि ते पहिलेच सुवर्णपदक भारताच्या मुलींनी आणले. त्याही कुठल्या तरी मातीतच खेळायला लागल्या असतील ना?

शेवटची गोष्ट जरा जड आहे, पण बोलल्यावाचून गत्यंतर नाही. एखाद्या मुलाला खेळात घेतात, पण त्याच्या वाट्याला नेहमी चेंडू आणण्याचेच काम येते. हा प्रकार जुना आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले मोठे गोलंदाज. उमेदीच्या काळात पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात ते गोऱ्या खेळाडूंना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजीचा सराव मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. पुढे ते हिंदूंच्या संघातून खेळू लागले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चाले. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा याच बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, तेही पुष्कळ खळखळ झाल्यानंतर. श्रोतेहो, हे वाचताना आपल्याला त्या काळच्या लोकांचा राग येतो. पण आपल्या पटांगणावर आज कोण फलंदाजी करतो आणि कोण नुसता चेंडू आणतो, पाण्याची कळशी कोणासाठी वेगळी ठेवली आहे, हे एकदा उठून पाहून आले पाहिजे.

आता गुरुजींनी आणि बाईंनी काय करावे? मुलांच्या खेळात फार शिरू नये. शिट्टी घेऊन मध्ये उभे राहिलात की मुले आपसांत निकाल करायचे सोडून तुमच्या तोंडाकडे पाहू लागतात. तुम्ही बांधासारखे असावे. बांध पीक उगवीत नाही, पण पाणी वाहून जाऊ देत नाही. मारामारी, शिवीगाळ आणि पैशाची पैज, या तिन्ही गोष्टी दिसताक्षणी थांबवाव्यात. खेळ सुरू होण्याआधी काचा, काटे, टोकदार दगड वेचून घ्यावेत. विटीदांडूच्या वेळी पाहणाऱ्यांना लांब बसवावे, कारण विटीने डोळा जायला एक क्षण पुरतो. बाकीचे मुलांवर सोपवावे.

आणि एक लहानसे काम जरूर करावे. एका वहीत महिनाभर रोज इतकेच टिपावे, की आज खेळायला कोण आले आणि कालच्यांपैकी कोण आले नाही. धावा, गुण, हारजीत यांतले काही लिहायचे नाही. महिनाअखेर वही उघडली की काही नावे हळूहळू नाहीशी झालेली दिसतील. त्या मुलांना एकेकटे गाठून, न रागावता, "का रे, का गं, येत नाहीस?" असे विचारावे. ती जे सांगतील त्यावरून आपल्या पटांगणावर कोणता नियम बदलायला हवा, हे आपोआप कळेल. तो नियम मात्र तुम्ही लादू नये. सगळ्या मुलांना गोल बसवून त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी जो गडी महिनाभराने परत येईल, त्याला पहिला डाव द्यावा.